नावं कापलेली मापाची वही

प्रिय बारक्या,

थोरल्या भावाचे आशीर्वाद, आणि तेवढे पुरेत. तब्येत विचारत नाही, विचारली की तू गुडघ्यांवर दोन पानं लिहितोस. माझी बरी आहे. दुपारनंतर सुई दिसत नाही, दोरा दिसतो, त्यावर शिलाई चाललीय.

तू कोर्टातला कारकून, कायद्याच्या सावलीत बसतोस, म्हणून कळवतो. माझ्या पोराने दुकानात माप घ्यायचं यंत्र आणलं. गिऱ्हाईकाने त्याच्यापुढे उभं राहून स्वतःभोवती फिरायचं, की छाती-कंबर पडद्यावर. (मी चाळीस वर्षं गळ्यात टेप घालून हिंडलो, माझं एवढं कौतुक कोणी केलं नाही.) पहिला फिरला बेकरीवाला. यंत्राने त्याचं माप कुठल्याशा कंपनीला कळवलं, आणि संध्याकाळपासून त्याच्या मोबाईलवर पोट कमी करायच्या जाहिराती सुरू. तो तडक तक्रार करून आला.

मग सरकारी बाई आल्या. आवाज मऊ, फाईल जाड. यंत्र बंद करवलं, बरंच झालं. पण जाता जाता नजर माझ्या मापांच्या वहीवर पडली. काका, म्हणाल्या, ही पण लोकांची खासगी माहिती, कशासाठी ठेवलीत? म्हटलं, विजारीसाठी. तर म्हणे काम संपलं की खोडायची, नाहीतर ज्याचं माप त्याची लेखी परवानगी आणायची. निदान नावं तरी काढा.

परवानगीसाठी दारोदार कोण फिरणार? मी कात्री घेतली आणि प्रत्येक पानाची नावाची कड उडवली. तासाभरात चाळीस वर्षं बिननावी. झालं काय, पोस्टमनची विजार बेकरीवाल्याच्या गुडघ्यावर अडकली, आणि बेकरीवाल्याची घालून पोस्टमन आला तो दोन्ही हातांनी कंबर धरून, टपाल काखेत.

त्याच दुपारी मशीनवर डोकं टेकलं आणि डोळा लागला. उन्हात खडूची धूळ तरंगत होती. दारातून मापं आत येऊ लागली. माणसं नव्हेत, नुसती मापं. एक पाठ, दोन बाह्या, एखादा गळा, पाण्यात सोडलेल्या कापडासारखी हलत. बाकावर ओळीने बसली, कोणी नाव सांगेना. मीही विचारलं नाही. शेवटी एक आलं, डावा खांदा अर्धा इंच खाली. तुझी वहिनी. (सरळ उभी राहा, सरळ उभी राहा, जन्मभर सांगितलं.) जागा झालो, वही उघडली, तर तिचं पान पहिल्या झटक्यात हाताला लागलं.

बाई परत आल्या. म्हटलं, आता एकही नाव नाही, झालं ना? म्हणाल्या, काका, नावाशिवाय माणूस ओळखू येत असेल तर ती माहितीच. मी हसणार होतो. हसलो नाही. बाईंचं बरोबर होतं ना! सोमवारपर्यंत वही फाडा म्हणाल्या. वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली, तिची परवानगी कुठून आणू?

असो. कापड असतं तर कात्रीने एवढं वाया घालवलं नसतं.

तुझा दादा

ता.क. वही जुन्या चादरीत बांधून पार्सलने पाठवलीय. तुमच्या रेकॉर्डच्या खोलीत जुन्या खटल्यांच्या ढिगाखाली सरकव. तिथे गेलेलं काही सापडत नाही, असं तूच म्हणतोस.

आणखी एक. नाही म्हणू नकोस. तुझीही कंबर त्यात आहे, आणि लोक तुला अजून बारक्या म्हणतात.

शेवटचं. वहीत एक पान कमी आहे. मोजत बसू नकोस.