क्लासवाल्याच्या पुढे

७ डिसेंबर १९९७, रविवार
मनू दुपारी आली. जिन्याखालची नोटीस तिनेच वाचून दाखवली. सव्वीस जानेवारीला आजूबाजूच्या चार सोसायट्यांची मैत्री दौड. आमच्या गेटपासून लालबागेपर्यंत आणि परत. चाळिशीच्या वरच्यांचा गट वेगळा. मैत्री म्हणे! पार्किंगवरून वर्षभर एकमेकांच्या गाड्यांची हवा काढतात.
“बाबा, तुम्ही कॉलेजात पळायचात ना?”
पळायचो. खूश झालो, लपवलं. मग आमटी वाढून घेताना सहज बोलून गेली, “किरीटअंकल पण पळणार आहेत.”
ती गेल्यावर सेक्रेटरीकडे जाऊन नाव दिलं. म्हणाले, “शुं वात छे, जाधवसाहेब!”
घटस्फोटाला तीन वर्षं. त्यांच्या लग्नाला दीड. सुनंदा त्या किरीटच्या कॉम्प्युटर क्लासात हिशेब बघायला लागली आणि तिथेच राहिली. एवढं मोठं बडोदं, पण संसार थाटायला त्यांना आमच्यापासून दोन सोसायट्यांवरचीच जागा मिळाली. मनूची शाळा बदलायला नको म्हणून, म्हणे.

९ डिसें.
फर्स्ट शिफ्ट करून आलो. झोपलो नाही, पळायला गेलो. जुने कॅनव्हासचे बूट, एकाचा तळवा सुटलेला. सोसायटीच्या फाटकापर्यंत जेमतेम पोचलो. बरगडीखाली असं टोचायला लागलं की कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. भाजीवाली म्हणाली, “काका, पाणी आपुं?”
एकोणपन्नास संपत आलं. पणजोबा बडोद्याच्या सरकारांच्या घोडदळात होते. पणतू पहाटे कोयली रिफायनरीची बस धावत गाठतो, तेवढंच काय ते घोडदळ.

१२ डिसें.
साप्ताहिक सुट्टी. जुन्या शहरात, वाडीत ताईकडे जेवलो. पाय दुखतात हे लगेच ओळखलं तिने.
“पन्नाशीला टेकलास, पळतोस कुणासाठी?”
“तब्येतीसाठी.”
“इतकी वर्षं तब्येत नव्हती वाटतं?”
मी आणखी आमटी वाढून घेतली. ती सोडणाऱ्यातली नव्हे. म्हणाली, “तू पहिला आलास तर सुनंदा परत येणार आहे का?”
सु. परत यायला नकोच आहे. हे ताईला सांगून पटत नाही. मला एवढंच हवंय की एकदा, सगळ्यांदेखत, तो मागे...

१८ डिसें.
आज सकाळी तो क्लासवाला दिसला. नवे कोरे पांढरे बूट, ट्रॅकसूट, आणि पुढे पोट. पळतो की पिशवी घेऊन बाजारात निघालाय, कळत नाही. शेजारून सायकलवर मनू. गळ्यात घड्याळ अडकवलेलं, मधून मधून ओरडून वेळ सांगत होती. तो काहीतरी बोलला तशी इतकी हसली की सायकल डगमगली.
मी मेडिकलच्या दुकानात शिरलो. दुकानदार तोंडाकडे बघायला लागला म्हणून खोकल्याचं औषध घेतलं. खोकला नाही.

२१ डिसें., रविवार
मनूला म्हटलं, एखाद दिवस पहाटे माझ्याबरोबर ये, घड्याळ धर.
“पहाटे गणिताचा क्लास असतो, बाबा.”
बरं म्हटलं. गुरुवारी सायकलवर होतीस तेव्हा क्लास नव्हता का, हे नाही विचारलं.
मग टीव्हीकडे बघत म्हणाली की किरीटअंकल अहमदाबादला दुसरा क्लास काढतायत. जूनमध्ये सगळे तिकडे जाणार.
“आणि तू?”
“आई म्हणते, तू ठरव. अकरावी इथे की तिथे. बोर्ड झालं की ठरवीन.”
एवढंच. रिमोट माझ्या हातात दिला आणि चप्पल घालायला लागली. मी काय म्हणायला हवं होतं?
सोळा वर्षं मुलगी वाढवली. आता ती इथली अकरावी आणि तिथली अकरावी तोलणार, आणि मी एका पारड्यात बसून राहणार.

२३ डिसें.
सोसायटीभोवती पाच फेऱ्या, न थांबता. नवे बूट घेतले. त्याच्यासारखे पांढरे मुद्दाम नाही घेतले.

२८ डिसें., रविवार
मनू आली नाही, मैत्रिणीचा वाढदिवस. संध्याकाळी पळत होतो तर समोरून क्लासवाला. टाळता येईना. हात जोडून म्हणाला, “दिवाकरभाई, केम छो? तुमी मस्त पळते.” सु.कडून मराठी शिकतोय. कानात खडे पडल्यासारखं वाटतं. म्हणाला, एकट्याने पळायला कंटाळा येतो, एकदा साथे दोडीए?
“बघू,” म्हटलं.
“मनू पण खूश होशे,” म्हणाला.
मनू. आमची मनू.

२ जाने. १९९८
गेलो. त्याच्याबरोबर. का गेलो? बहुतेक त्याचा दम किती ते बघायला. दम काहीच नाही, पण तोंड बंद नाही. धापा टाकत बोलत होता. क्लासबद्दल, अहमदाबादच्या भाड्याबद्दल, स्वतःच्या शुगरबद्दल. मग म्हणाला, आमच्या घरात स्टॅमिना कुणाचाच नाही, मनूला टायफॉइड झाल्यापासून तीपण लवकर दमते.
मी थांबलो. “कधी?”
तोही थांबला. चेहरा उतरला त्याचा. श्रावणात, म्हणाला. पाच दिवस दवाखान्यात होती. तमने खबर नथी?
नथी.
तो रस्त्यात उभा राहून सॉरी सॉरी म्हणत होता. मी पळायला लागलो. इतक्या जोरात की पोटरीत गोळा आला, पण घरापर्यंत थांबलो नाही.
श्रावणात दोन रविवार मनू आली नव्हती. फोनवर सु. म्हणाली होती, चाचणी परीक्षा आहे. मी तिच्यासाठी केलेले साबुदाण्याचे वडे वॉचमनला दिले होते.

३ जाने.
सु.ला फोन. अजूनही मला अहो-जाहो करते. तेवढं ठेवलंय.
“मुलगी दवाखान्यात होती आणि मला कळवलं नाहीस?”
“कळवलं असतं तर तुम्ही तिथे येऊन भांडला असतात.”
“बाप आहे मी.”
“म्हणूनच भांडला असतात. तापात होती ती. तिला शांतता हवी होती.”
“आणि तो होता शांतता द्यायला.”
मग म्हणाली, “हो. होता. पाचही दिवस होता. क्लास बंद ठेवून.”
फोन मी ठेवला. खरं तर तिलाच ठेवायचा असेल.

४ जाने., रविवार
मनूला विचारलं नाही. फक्त बघत राहिलो. मनगटं बारीक झालीयत. चार महिने समोर बसून जेवतेय आणि मला दिसलं नव्हतं. दुसऱ्यांदा भात वाढला तर म्हणाली, “बाबा, किती वाढता!”

१५ जाने.
काल उत्तरायण. मनू कबूल करून गेली होती, दुपारी तुमच्या गच्चीवर येते. दोन फिरक्या आणल्या, मांजा, तिळाच्या वड्या. गच्चीवर सगळी सोसायटी. कानठळ्या बसतील असे लाऊडस्पीकर. “काप्यो छे” म्हणून पोरं बोंबलत होती. मी एकटाच फिरकी मांडीवर घेऊन. शेजारची बाई म्हणाली, “बेबी नथी आवी?”
आली. ऊन उतरल्यावर. हातात स्टीलचा डबा, त्यांची संक्रांतीची भाजी, ऊंधियो. “आईने दिलाय. तिकडे सगळे पाहुणे आले होते, निघताच येईना.” एक पतंग उडवला, तो लगेच कापला गेला. मी दुसरा बांधत होतो तर म्हणाली, “राहू द्या बाबा, अंधार होईल.”
ऊंधियो चांगला होता. सु.च्या हातचा नव्हता. त्याच्या आईने केला असणार. सगळा खाल्ला, डबा घासून ठेवला.

१९ जाने.
आता दम लागत नाही. पळताना डोक्यात एकच चालतं: तो मागे, लोक बघतायत, मनू बघतेय. घाण वाटते स्वतःची. तरी पाय त्यानेच चालतात. सकाळी देवाचं नाव घेऊन पळून बघितलं, पहिल्या चौकातच थकलो.

२३ जाने.
सेक्रेटरींनी छातीवर लावायचे आकडे वाटले. पाण्याच्या टेबलावर दहावीच्या मुली उभ्या राहणार, त्यात मनू. बरं झालं. बघायला मिळेल तिला.

२६ जाने., सोमवार
लिहून टाकतो, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.
झेंडावंदन झालं. कुठल्याशा सोसायटीच्या अध्यक्षांनी भाईचाऱ्यावर भाषण केलं. आमच्या गटात वीसेक जण, निम्मे गंमत म्हणून आलेले. क्लासवाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “ते दिवसे... माफ करजो.” मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बांधलेलीच होती.
शिटी वाजली. दोनशे पावलांत तो मागे पडला. इतक्या सहज! मागे वळून बघावंसुद्धा लागलं नाही. लालबागेला वळसा घातला तेव्हा माझ्यापुढे दोघेच होते. पाय हलके. थंड हवा. खोटं कशाला बोलू, वीस वर्षांत असं वाटलं नव्हतं.
पाण्याचं टेबल अर्ध्या वाटेवर, जाणाऱ्यांना आणि येणाऱ्यांना एकच. मनू ग्लास घेऊन पुढे धावली. “बाबा! तिसरे आहात तुम्ही! बाबा, मस्त!” चेहरा कसा फुलला होता. ग्लास तिच्या हातातून घेतला. तिची बोटं गार. घोटभर प्यायलो, ग्लास परत दिला, निघालो.
चार पावलं गेलो असेन. मागून आवाज, “पप्पा! धीमे, धीमे! पहेलां पाणी पी लो!”
कुणाचीतरी मुलगी, असं वाटलं. एक क्षणच. आवाज मनूचा होता.
वळून पाहिलं. जाणाऱ्या बाजूने तो येत होता, लालबुंद, एक हात कमरेवर. मनू रस्ता ओलांडून त्याच्याकडे धावली होती. एका हातात ग्लास, दुसऱ्या हाताने त्याची पाठ चोळत होती. मी वळून बघतोय हे तिने पाहिलं. हात तिथल्या तिथे थांबला.
माझ्याकडे रविवारी तो किरीटअंकल असतो. नेहमी. एकदासुद्धा चुकली नाही.
पुढे पळालो. पळालो म्हणजे पाय चालले. एकाने मागे टाकलं. चौथा आलो. बक्षीस तिघांनाच.
तो सगळ्यांत शेवटी आला. नव्या बुटांनी पाय सोलले म्हणून बूट हातात, अनवाणी. लोकांनी माझ्यापेक्षा त्याच्यासाठी जास्त टाळ्या वाजवल्या. मनू त्याच्याबरोबर चालत आली, पण जरा अंतर ठेवून. ते अंतर माझ्यासाठी होतं. त्याचाच जास्त राग आला.
सु. माझ्याजवळ आली. “छान पळालात.”
“थँक यू,” म्हटलं. दुकानदाराला म्हणतात तसं.

२७ जाने.
मांड्या दगड झाल्यात. लॅबमध्ये स्टुलावरून उठवेना. सगळे विचारत होते, कितवे आलात? तिसरा, असं सांगून टाकलं.

२९ जाने.
ताई आली, डबा घेऊन. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं सु.ला शिव्या देईल. तिने डबा रिकामा करून घेतला. जाताना दारात म्हणाली, “दवाखान्यात पाठ त्यानेच चोळली असेल रे.”
सख्खी बहीण.

१ फेब्रु., रविवार
येणार नाही असं धरून चाललो होतो. आली. दप्तर घेऊन, म्हणजे बोलायला नको. तास दीड तास भूमिती. मी उगाच पेपर चाळत बसलो. जेवायला बसलो तेव्हा मीच म्हटलं,
“पप्पा कधीपासून?”
तिने घास ताटात ठेवला. “दवाखान्यापासून. त्यांनी नाही सांगितलं. आपोआप आलं तोंडात.”
“मग इथे अंकल कशाला?”
“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”
“वाटलंच.”
“माहितेय.” मग ताटाकडे बघत म्हणाली, “बाबा, मी इथे राहिले, तर तुमची नाईट असली की एकटी झोपायचं?”
राहिले तर. पहिल्यांदा म्हणाली.
“ताईआत्याला बोलावू.”
“प्रत्येक वेळी? तुम्हाला दिवसाची जनरल शिफ्ट नाही का मिळत?”
या घरात हा प्रश्न नवा नाही. सु.ने तो किती वर्षं विचारला असेल! याच टेबलाशी, असाच, ताटाकडे बघत. नाईटचा भत्ता बुडतो, साहेब ऐकत नाहीत, पुढच्या वर्षी बघू. उत्तरं तयार होती, तोंडापर्यंत आली.
“मागून बघतो,” म्हटलं.
मनूने वर पाहिलं. चिडलेली नव्हती, रडवेलीही नव्हती.
“बघा,” म्हणाली. अगदी सु.च्या आवाजात. आणि ताट उचलून आत गेली.
ती गेली तेव्हा उजेड होता. पळायला नाही गेलो. उद्या फर्स्ट आहे. साहेब दहाला येतात. जनरल शिफ्टचा अर्ज तोंडी चालत नाही, लिहून द्यावा लागतो. लिहायला बसलो होतो, ‘कारण’ म्हणून काय घालावं तिथे अडलोय.