गाण्याआधीचा खोकला

मुलुंड, रविवार, १४ जून

किळस आलीय. समीरची तर आलीच, पण माझी जास्त.

आमच्या रॉक बँडचं जे गाणं एवढं गाजतंय, ते एका खोकल्याने सुरू होतं. मग पिठाच्या डब्यावर चार थापा, मग माझी गिटार. तो खोकला बाबांचा. गावच्या जाखडी नाचासाठी ते गाणी रचतात आणि गाण्याआधी हमखास खोकतात. एकदा स्वयंपाकघरात नवी चाल म्हणत होते, ती मी फोनवर रेकॉर्ड केली. समीर ऐकून म्हणाला, "झकास! खोकला काढू नकोस रे, तोच जबरी वाटतोय."

आणि आज दुपारी लाइव्ह मुलाखतीत हा आमचा गायक समीर काय सांगतो? आरेच्या जंगलात एकटा रडत बसलो होतो, तिथे चाल सुचली. खोकलासुद्धा म्हणे त्याचाच, रडून रडून घसा बसला होता. शी! आरेत हा गेलाय तो फक्त बाइक उडवायला. आणि मी? शेजारी बसून मान डोलावली. कशाला डोलावली?

घरी आलो तर बाबा मोबाइलवर तीच मुलाखत बघत होते. म्हणाले, "खोकला माझा ना रे हा?"

तेव्हा तरी खरं बोलायचं ना! मी म्हणालो, "नाही बाबा, तुमच्यासारखा वाटतो फक्त."

"असेल," म्हणाले.

आत्ता आतल्या खोलीत गायला बसलेत. आज न खोकताच सुरुवात केली.