तळपाय न पाहता

आई, आमच्या कॅन्सर विभागात गोळ्या चालू असलेला पेशंट आला की मी आधी त्याला चपला काढायला लावते. तळहात, तळपाय दाबून बघते. या गोळ्या नेमक्या गाठीवर मारा करतात, केस जात नाहीत, म्हणून लोकांना वाटतं त्रास नाहीच. पण कातडी सोलते, फोड येतात, आणि ते सगळ्यांत आधी दिसायला हवं नर्सला. डॉक्टरांना वेळेत कळलं तर डोस कमी करून भागतं. नव्या पोरींकडून मी हे घोकून घेते.

तू अड्याळहून एसटीनं आलीस ते धानाच्या रोवण्याचे दिवस होते. तुझ्या किडनीच्या कॅन्सरवरच्या याच गोळ्यांचा तिसरा महिना. बाहेर ही रांग, आणि तू माझ्या टेबलासमोर उभी. "पायाची भलतीच आग होऊन राहिली, बाई." मी मान वर न करता खेकसले, "होईन नाही तं काय! कितीदा सांगतलं तुले, रोवण्याले जाऊ नको म्हणून! चिखल्या झाल्या असतीन, हळद-तेल लाव." रांगेतल्या बाया हसल्या. तू नुसती बांधावर बसून होतीस, चिखलात पाय घातलाच नव्हतास, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारलंच नाही. स्टाफच्या आईनं सगळ्यांसमोर रडगाणं गावं, याचीच मला लाज वाटत होती. तुझी चप्पल न काढताच मी कार्डावर लिहिलं, 'हातपाय ठीक.'

तीन आठवड्यांनी तुला उचलून आणलं. तळपाय फुटलेले, पू झालेला. गोळ्या बंद कराव्या लागल्या, आणि जखमा भरेपर्यंत गाठीनं पुन्हा डोकं वर काढलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "आधी का नाही सांगितलं?" मी तुझ्या शेजारीच उभी होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, "माह्याच ध्यानात नाही राहिलं, साहेब. पोरीले कायले बोलता?" मी ते तसंच खपू दिलं. धान घरी यायच्या आत तू गेलीस.

हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तेवढी हिंमत असती तर इतकी वर्षं खोटं बोलले नसते. कुणी दुखणं लपवतंय असं वाटलं की मी तुझी गोष्ट सांगते: माझ्या आईनं अंगावर काढलं, सांगितलं नाही, म्हणून गेली. बाया घाबरून लगेच खरं बोलतात. परवा एकीनं तर माझा हातच धरला. "अशी कशी हो तुमची आई, पोटच्या पोरीलेही नाही सांगतलं!"

मी म्हटलं, "हो ना."