पिको आणि उंदीर

४ मार्च, मंगळवार

बाळाची नाळ आज गळली. सकाळीच लिलिनोएचा फोन. सुकलेला तुकडा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, म्हणून मी तिला सांगितले. खिडकीत नको, उघड्यावर नको, उंदराच्या वाटेला तर मुळीच नको. ती हसली. "आई, हिलो शहरात, तिसऱ्या मजल्यावर कुठला आलाय उंदीर?" माझी मुलगी, आणि हे विचारते.

मग हळूच — "नाळ घराण्याच्या खडकात ठेवायला मामाला सांगू ना?"

नाही. आई गेल्यावर तिच्या घरातून टुटूचा, म्हणजे आमच्या आजीचा, दगडी बत्ता ज्याने परस्पर उचलला, त्या माकायोचा हात माझ्या नातवाच्या नाळेला लागणार नाही. भाऊ असला तरी.

६ मार्च, गुरुवार

अकरावीला 'पिको' शिकवला. एका शब्दावर अख्खा तास, आणि तोही अपुरा पडला!

सुरुवात नेहमी अळूच्या पानापासून करावी. देठ पानाला जिथे भिडतो, तो बिंदू पिको. मग बेंबी, मग नाळ. मग डोक्याची टाळू, मौना केआ डोंगराचा माथा, टोपी विणताना जिथून पात्या सुटतात ती मधली जागा. नव्या घराच्या दारावर लोंबते ठेवलेले गवतही पिकोच. सुईण नाळ कापते तसे ते अगदी शेवटी कापायचे, तेव्हा कुठे घर जन्माला येते. आणि रक्ताचे माणूस, तेही पिको. हे सारे एका ओळीत मांडले की मुलांचे डोळे उजळतात. त्या एका क्षणासाठी मी तीस वर्षे खडू झिजवते आहे.

"बाई, आमचे आजोबा सगळ्यांना विचारतात, पिको कसा आहे तुझा? आणि आजी त्यांना झाडू दाखवते. का?" मागच्या बाकावर हशा फुटला. कारण टाळू आणि बेंबीनंतर अंगावरचा तिसरा पिको पोटाखाली असतो, जिथून पुढची पिढी येते. न लाजता सांगितले. ज्ञानात कसली लाज?

शेवटी दोन म्हणी. 'पिको तुटला': नातलगांचे कायमचे फाटले. 'पिको उंदराने खाल्ला': ज्याची नाळ उंदराने पळवली, तो मोठेपणी चोर निघतो. उदाहरण म्हणून एक नाव जिभेवर आले होते. गिळले.

७ मार्च, शुक्रवार

बत्ता आठवला की बेंबीच्या देठापासून ओरडावेसे वाटते. टुटूच्या तळव्याने गुळगुळीत झालेली त्याची मूठ. अळूचे उकडलेले कंद त्याने कुटले की त्यांची लापशी, पोई, अशी लुसलुशीत उतरायची. माकायोला विचारावे तर एकच उत्तर — "जागेवर आहे, ताई." कोणाच्या जागेवर?

९ मार्च, रविवार

लिलिनोएकडे जेवण. माकायो न बोलावता आला. हातात मासे, पायात फाटक्या चपला. कपेका मावशीने त्याला जवळ बसवून घेतले. ऐंशी ओलांडली तरी त्याच्यावरचा जीव कमी होत नाही.

"ताई, पोई घे. आज छान आंबलीय."

"कुटली कशाने? चोरीच्या बत्त्याने?"

"यंत्रावर दळून आणली. बत्ता जागेवर आहे."

मग माझा तोल सुटला, आणि तरीही प्रत्येक शब्द मी नीट जागेवर ठेवून बोलले. "तुझा पिको उंदराने खाल्लाय, माकायो. आणि माझ्यापुरता तो आज तुटला."

मावशीच्या हातून वाटी सुटली. "एमालिया, पुरे! गप बस!" — आयुष्यात ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. माकायोने फरशीवरची पोई निमूट पुसून घेतली. चोर असाच गप्प असतो.

१० मार्च, सोमवार

लिलिनोए: "बरं, मामा नको. मग तू दाखव आपला खडक."

मला तो ठाऊक नाही. पुना भागातल्या काळ्या खडकावर आमच्या घराण्याचे खळगे आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नाळांचे. आईने मला तिथे कधी नेलेच नाही. 'ऊन फार आहे', 'वाट वाईट आहे', 'पुढच्या वेळी'. लिलिनोएची नाळसुद्धा ती एकटीच ठेवून आली. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. मात्र माकायोला शाळकरी वयातच सगळे दाखवले. शिकले मी, शिकवते मी, आणि खडक त्याचा!

१३ मार्च, गुरुवार

मावशीचा फोन. "शनिवारी माकायोबरोबर जा. शिव्या द्यायच्या तर तिथे दे. इथे कशाला वाफ दवडतेस?"

जाईन. नातवासाठी. आणि सगळ्यांदेखत बत्ता मागेन.

१५ मार्च, शनिवार

माकायो पुढे, बरणी लिलिनोएच्या हातात, मी शेवटी. त्याने खळगे दाखवले — आईचा, स्वतःचा, लिलिनोएचा. प्रत्येकावर खडे चेपून बसवलेले. त्याच्या खळग्याशेजारी आणखी एक होता. त्यावर टुटूचा बत्ता, मूठ वर करून.

"चोर," मी म्हणाले.

"उचल, ताई."

उचलला. खाली स्वच्छ, कोरडा, रिकामा खळगा.

"तुझा आहे. तुझी नाळ वळचणीला ठेवली होती, उंदरानं नेली. आई जाताना म्हणाली, ताईला कळलं तर तिच्या जिवाला लागेल. काहीतरी जड ठेव वर, कोणी उघडून बघणार नाही असं."

बाळाची नाळ त्यानेच ठेवली. बत्ता मी पुन्हा जागेवर ठेवला.