हेलसिंकी की लिस्बन

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, वाकता येत नाही, पण लिहायला काय जातंय.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

नात काय गोड आहे म्हणून सांगू! हनुवटी थेट आपल्या घरची, आवाज मात्र विहीणबाईंचा. पण पोरगी बाळसं धरायला लागली तरी तिला अजून नाव नाही. कारण ते कॅलेंडर! तुझा भाचा टायरच्या दुकानात आहे ना, तिथून आणलंय. महिन्याला एक परदेशी शहर. ते टांगलंय स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीवर. तर हा शहाणा म्हणतो, पोरगी ज्या महिन्यात झाली त्या पानावरचं शहर, तेच तिचं नाव. हेलसिंकी! मी म्हटलं, अरे, हे नाव आहे की शिंक? उद्या मी गॅलरीतून "हेलसिंकी, हेलसिंकी" असं ओरडले तर लोक म्हणतील म्हातारी कंडक्टर झाली.

सूनबाईला पुढच्या पानावरची लिस्बन आवडली. (ती केस कापायच्या दुकानात असते, तिथल्या बायका बाळ बघायला येऊन तिला आणखी फूस लावून गेल्या.) झालं! हा सकाळी पान मागे करतो, ती दुपारी पुढे. तोंडाने भांडत नाहीत, नुसती पानं फडफडतात. मला मेलीला वाटलं महिना पालटला, म्हणून कवळीचं माप द्यायला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसले, जुनी कवळी हातात घेऊन. डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्हाला पुढच्या महिन्यात बोलावलंय." मी म्हटलं, "आमच्याकडे पुढचा महिना दुपारीच लागला!"

घरी येऊन मी जी भडकले! म्हटलं, गावांची नावं कधी माणसांना ठेवतात का रे? तर म्हणतो, "आई, तुझं नाव काय? मावशीचं? मधल्या मावशीचं?" खरंच गं ताई. आपल्या बाबांना कधी घर सोडून जाणं जमलं नाही, म्हणून तिघी मुलींना तीर्थाच्या गावांची नावं दिली, की घरबसल्या हाका मारूनच पुण्य लागावं. इतकी वर्षं मी ते नाव लावतेय, पण ते गाव आहे हे कधी डोक्यातच आलं नाही बघ. तरी हरले नाही. म्हटलं, आमच्या गावांत देव तरी आहे, तुझ्या हेलसिंकीत काय आहे? म्हणतो, बर्फ.

असो. मी काही यात पडणार नाही. ज्याचं पोर त्यानं काय ते ठेवावं.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझा शब्द तो खाली पडू देत नाही. तर पत्रात सहज म्हणून लिही, की मधली गेल्यापासून तिचं नाव घरात कोणाच्या तोंडी येत नाही. तेही गावच आहे, म्हणजे त्याचा हट्टही राहतो. मी सुचवलं असं मात्र लिहू नकोस.

आणखी एक. लवकर लिही. दुपारी सूनबाईचा डोळा लागला की मी त्याच नावाने बाळाला हाक मारते, आणि आता कार्टी दुसऱ्या कशाने रडायची थांबत नाही. मधलीही अशीच होती.