भिंत ओळखणारं रक्त

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा! डेपोतून बस काढली आणि पहिल्याच सिग्नलला कळलं — आली परत. तीच खाज, तीच आग. खाली इंजिनाची धग, वर हा जाडाभरडा युनिफॉर्म. मागे बस गच्च भरलेली आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर चुळबुळतेय. कंडक्टर म्हणाली, "सीटला काटे फुटले का गं?" हसले. सांगणार काय, कप्पाळ?

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात. माझी लेक तिसरीत आहे. जावई यायला वेळ आहे!

५ फेब्रुवारी, गुरुवार

उशी उचलून लेकीच्या खोलीत झोपायला गेले. यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेच जास्त लागलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गेले एकदाची. मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. तपासलं, नमुना घेतला. "वर्षातून पाच-सहा वेळा होतं आणि तुम्ही आत्ता येताय?" मला वाटलं आता बोलणी खाणार. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "हे यीस्ट आहे. एक प्रकारची बुरशी. बहुतेकांच्या अंगात असतेच, कुणाकुणाच्यात माजते. तुम्ही अस्वच्छ नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

रडूच फुटलं. इतकी वर्षं दिवसातून तीनदा साबण लावतेय. तोही नको म्हणाल्या — त्याने आग वाढतेच!

आधी गोळ्या. मग त्यांच्याकडे एका नव्या लशीची चाचणी चालू आहे, हवं तर तिच्यात या म्हणाल्या. यीस्टच्या पेशीला बाहेरून भिंत असते. त्या भिंतीतला एक तुकडा टोचायचा. म्हणजे रक्त ती भिंत ओळखायला शिकतं, अँटिबॉडी तयार करतं. या अँटिबॉडी भिंतीला जाऊन चिकटल्या की यीस्टला आपल्याला चिकटता येत नाही. "निदान आमची तशी आशा आहे," म्हणाल्या. अर्ध्या बायकांना लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे त्यांनाही कळणार नाही. आणि चाचणी संपेपर्यंत दिवस राहता कामा नयेत.

म्हणजे यांना सांगणं आलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. भांडी घासता घासता, पाठ करून. पाणी चालू ठेवलं होतं, तरी ऐकलं सगळं. यांनी पुढे होऊन नळ बंद केला. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

वेडा माणूस! आणि मी शहाणी?

उशी परत आणली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सुई टोचली. दंड ठणकतोय. लस असेल का? की मिठाचं पाणीही असंच ठणकतं?

११ एप्रिल, शनिवार

चाचणीसाठी रक्त तपासायला द्यायला निघाले तर सासूबाई दारातच. "सारखी दवाखान्यात जातेस. गोड बातमी आहे का?" चेहरा कसा उजळला होता! "नाही हो आई, ड्युटीची तपासणी," म्हटलं. पडला चेहरा. "मग काय एवढं लपवायचं ते..." पुटपुटत आत गेल्या. माझे कपडे वेगळे भिजवते, वेगळे वाळवते — तेही त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. बाईची नजर म्हणजे घारीची!

त्यांना कसं सांगू? आमच्यात बोलणं होतं ते भाजी कुठली, इथपर्यंतच.

२० मे, बुधवार

आली. पण खाज दोनच दिवस, तीही जराशी. पूर्वी आठवडा आठवडा सोडत नसे. घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या चक्क खूश! "लिहून ठेवते. अँटिबॉडी असल्या तरी कधी येऊ शकते. किती जोरात आली, तेही महत्त्वाचं."

उकाड्यात पूर्ण ड्युटी बस चालवली. एकदाही चुळबुळ नाही. कंडक्टर म्हणाली, "आज गाणं काय गुणगुणतेस?" मला पत्ताच नाही!

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

चाचणी संपली. मला खरी लस होती! अँटिबॉडी चांगल्या चढल्यात. काही जणींच्या चढूनही त्रास गेला नाही, आणि मिठाचं पाणी घेतलेल्याही काही बऱ्या झाल्या, म्हणून आत्ताच ढोल वाजवायचा नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. नाही वाजवत. पण घरी येऊन यांना सांगताना आवाज चढलाच. स्वयंपाकघराचं दार उघडं, आत सासूबाई. ऐकलं असणार सगळं. आता काय काय ऐकावं लागणार!

२४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी हे बाहेर गेल्यावर सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत. मग, अगदी हळू —

"त्या तुझ्या डॉक्टरीणबाई... माझ्या वयाच्या बायकांनाही बघतात का गं?"