पापणीवरचा अंगारा

मंगळवार, संध्याकाळ, अधारताल

धाकटा भाऊ विनोद स्कूटरवरून पडला, दवाखान्यात अजून शुद्धीवर नाही. डोक्यातला दाब मोजायला कवटीला भोक पाडावं लागेल, या भीतीनं सकाळी मी त्याच्या पापण्यांनाही देवीचा अंगारा लावला.

डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आल्या.

"पापण्यांना काहून लावला, काका? पुसू का? दाब वाढला की डोळ्यामागची नस फुगते, पापणीवरूनच दिसते. पद्धत अजून पडताळून राहिलो आम्ही."

अंगारा पुसून, पापणीला जेल लावून त्यांनी यंत्र टेकवलं. नस फुगलेली नव्हती. भोक तूर्त टळलं. डोळ्यामागे डोक्याची खबर मिळते, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल?

जेल पुसून बाईंनी माझ्याकडून पुडी मागितली, अंगारा विनोदच्या कपाळाला लावला.

"पापण्या मोकळ्या ठेवा, काका. उद्या परत पाहायचं आहे."